अकरा भागांचा कपडेपट

दुकानात येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "तुम्ही टीव्हीसाठी पण कपडे केले होते ना?" मी हो म्हणते. "कुठला कार्यक्रम?" मी नाव सांगते, 'जवळपास तसंच'. समोरचा माणूस जरा वेळ आठवल्यासारखं करतो आणि म्हणतो, "नाही हो, बघण्यात नाही आला." मी म्हणते, "म्हणूनच बंद पडला." यावर लोक खळखळून हसतात. कार्यक्रम चालू असताना एवढे हसले असते तर बारावा भाग निघाला असता.

आमचं ड्रेपरीचं दुकान सदाशिव पेठेत आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकांना आणि शाळांना भाड्याने पोशाख देण्याचा धंदा. तुमच्या मुलाने स्नेहसंमेलनात जो मावळ्याचा अंगरखा घातला होता आणि ज्यावर चॉकलेट सांडून तुम्ही तो गुपचूप घडी करून परत दिला होतात, तो आमचा. घडी आम्ही उलगडून बघतो. दुकान सासऱ्यांचं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "शिवण येतं का?" मी हो म्हटलं. ते 'हो' मी अजून निस्तरते आहे.

टीव्हीचं प्रकरण आणलं तन्मयने. कॉलेजात असल्यापासून हा मुलगा एकांकिकांसाठी आमच्याकडून कपडे न्यायचा आणि दर वेळी दोन दिवस उशिरा आणायचा. एके दिवशी वेळेत आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"काकू, आपला शो आलाय. स्केच कॉमेडी. आठवड्याला एक भाग, भागात पाच स्किट. मालिका, गाण्यांच्या स्पर्धा, जाहिराती, बातम्या, जे जे म्हणून चालतंय त्या सगळ्याची टेर खेचायची."

"आपला म्हणजे?"

"म्हणजे डिरेक्शन माझं आणि कपडे तुमचे."

स्टुडिओ म्हणून त्यांनी मार्केट यार्डातलं एक गोदाम घेतलं होतं. आधी तिथे लाल मिरचीची पोती असायची. मालकाने गोदाम तीनदा धुऊन दिलं असं सांगितलं, पण मिरचीला ते कोणी कळवलं नव्हतं. दिवे तापले की भिंतींतून खकाणा उठायचा. गाण्याच्या स्पर्धेतला परीक्षक रडतो असं स्किट होतं, त्यात आमच्या नटाला डोळ्यांत काही घालावं लागलं नाही. मात्र लग्नाच्या स्किटमध्ये मंगलाष्टकं चालू असताना भटजी, नवरा आणि कॅमेरामन असे तिघे ओळीने शिंकले, तेव्हा तन्मय जमिनीवर बसला.

सकाळी बाजार भरलेला, ट्रकचे हॉर्न, आरडाओरडा, त्यामुळे शूटिंग दुपारी दोनला सुरू व्हायचं. तोवर हमालांची जेवणं झालेली असत. ते अर्ध्या उघड्या शटरखाली ओळीने बसून आमचं काम बघत. त्यांच्यातले बबनराव पन्नाशीचे, बोलायला कमी. एखादं स्किट फसलं की ते कपाळावरची टोपी डोळ्यांवर ओढून घेत. वाहिनीचे अहवाल तीन आठवड्यांनी यायचे. टोपी लगेच कळायची.

आता बाहेरच्यांना वाटतं, विनोदी कार्यक्रमाचे कपडे म्हणजे सोपं काम. मोठ्ठी टिकली, लांब मिशी, भडक रंग, झालं. तन्मयलाही तसंच वाटायचं. आमचं पहिलं भांडण मिशीवरून झालं. बातम्या देणाऱ्या माणसाच्या नकलेसाठी त्याला वीतभर मिशी हवी होती.

मी म्हटलं, "कोणता बातम्या देणारा असली मिशी लावतो?"

"काकू, कॉमेडी आहे."

"कोट खरा, टाय खरा, भांग खरा. आणि मग तो माणूस जे बोलतो ते वेड्यासारखं, म्हणून हसू येतं. मिशीनेच हसवायचं असेल तर देवस्थळींना घरी पाठव, मिशी टेबलावर ठेव."

देवस्थळी आमचे मुख्य नट. पोस्टातून निवृत्त झालेले, एकसष्ट वर्षांचे. उभं आयुष्य काउंटरच्या आत काढलं आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकं केली. काउंटरच्या जाळीतून त्यांनी माणसं अशी काही बघून ठेवली होती की, रजिस्टर करायला आलेला वकील आणि मनीऑर्डर करायला आलेला मुलगा यांच्यातला फरक ते नुसत्या उभं राहण्यातून दाखवत. भांडण चालू होतं तेव्हा ते मागे खुर्चीत बसून म्हणाले, "वहिनी, मिशीला मानधन किती देताहेत ते विचारा." मिशी रद्द झाली.

दुसरा त्रास वेगाचा. एका नटाला दीड मिनिटात पोलिसाचा पुजारी आणि पुजाऱ्याची पाककृतीवाली व्हायचं असतं. त्यासाठी कपडे मागून उघडे शिवतात आणि चिकटपट्टी लावतात. पुढून सदरा अखंड, मागे फर्रकन ओढला की सुटतो. मी तीस कपडे तसे शिवले. पहिल्या दिवशी आवाजवाला कानांवरचे हेडफोन काढून माझ्याकडे आला. "मॅडम, प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी काहीतरी फाडतंय." मग तीसही कपड्यांच्या पट्ट्या उसवून मी टिचबटणं लावली. माझ्या हाताला अजून त्यांची सवय आहे, झोपलेल्या नातीच्या झबल्याचं बटण मी आवाज न करता लावू शकते. अकरा भागांतून मला मिळालेलं हे एकमेव शिक्षण.

प्रेक्षकही भेटले. कार्यक्रमाच्या शेवटी नावं धावतात त्यात आमच्या दुकानाचं नाव असे, म्हणून कार्यक्रमाविषयीची सगळी गाऱ्हाणी दुकानात येत. एका भागात देवस्थळींनी पाककृतीच्या कार्यक्रमाची नक्कल केली होती. घरच्यांच्या कागाळ्या सांगत सांगत त्यांनी दोडक्याचं श्रीखंड केलं. तिसऱ्या दिवशी एक आजोबा कापडी पिशवी घेऊन दुकानात उभे.

"तुमच्या माणसाने दोडकं किसून घालायचं की वाटून, ते सांगितलं नाही."

"अहो, ती चेष्टा होती."

"असेल. पण मी चक्का टांगलेला आहे."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "किसून." दोन दिवसांनी ते डबा घेऊन आले. मला चमच्याने खायला लावलं. मी कसाबसा घास गिळला. ते म्हणाले, "चेष्टा होती हे बरोबर आहे," आणि डबा बंद करून गेले.

पण असले प्रेक्षक परवडतात. परवडायच्या नाहीत त्या रिया मॅडम. त्या वाहिनीच्या 'क्रिएटिव्ह'. मुंबईत असत आणि लॅपटॉपमध्ये दिसत. त्यांचं काम सूचना पाठवणं. एका गाजलेल्या मालिकेची नक्कल लिहून झाली, कपडे शिवून झाले, तेव्हा कळलं की ती मालिका त्यांच्याच वाहिनीवर असते, तिला हात लावायचा नाही. मग दुसऱ्या वाहिनीची घेतली. ते लोक भांडायला येतील, म्हणून तीही नको. शेवटी सूचना आली: मालिका कुठली ते कोणाला ओळखू येऊ नये, पण सगळ्यांना कळावं. हे वाक्य मी दोनदा वाचून घेतलं. मग तन्मयला विचारलं, "याला कुठल्या रंगाची साडी देऊ?"

यातून जे काय निघालं ते मात्र चांगलं निघालं, आणि ते निघालं प्रणितामुळे. ही मुलगी अकोल्याची. नाटकाचं शिक्षण घ्यायला पुण्यात आलेली, सव्वीस वर्षांची, आमच्याच पेठेत तिघींत एक खोली घेऊन राहायची. तिने कुठल्याच एका मालिकेची नक्कल केली नाही. तिने दाराआडची सून केली. हातात चहाचा ट्रे घेऊन ही सून दाराशी येते, आत तिच्याविषयीच बोलणं चाललेलं असतं, ती थबकते, ऐकते, आणि चहा काही आत जात नाही. दर आठवड्याला घर वेगळं, कारस्थान वेगळं, चहा तोच. कप थरथरायचे ते कमी-जास्त करून ती कारस्थान किती वाईट आहे ते सांगायची. मी तिला साधी फिकी साडी दिली होती, खांद्याला पिन, हातात दोन बांगड्या. सूनबाईचं स्किट असलं की बबनरावांची टोपी कपाळावर राहायची.

सातव्या भागानंतर रिया मॅडमनी बैठक बोलावली. गोदामात सपाट जागा एकच, माझं इस्त्रीचं टेबल. त्यामुळे लॅपटॉप तिथे आणि मीही तिथेच. तन्मय समोर उभा.

"आकडे येत नाहीयेत," मॅडम म्हणाल्या. "सूनबाई तेवढी लोकांना माहीत झालीय, आपण तीच पुश करू. फक्त प्रणिताऐवजी देवस्थळी सर. साडीत. पुरुष साडीत आला की लोक हसतातच, इट ऑलवेज वर्क्स."

"मॅम, पण प्रणिता ते फार छान करते."

"छानच करते. पण ती खरी सून वाटते ना. खऱ्या सुनेला कोण हसणार?"

तन्मय हातातली पानं चाळायला लागला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "कॉस्च्यूम मॅडम, सरांच्या मापाचा ब्लाउज उद्या दुपारपर्यंत होईल ना?"

"होईल," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात हा शब्द विचाराच्या आधी तोंडातून बाहेर पडतो. तीस वाघ उद्या हवेत, होईल. अफझलखान एका नंबरने मोठा करून हवा, होईल. नाही म्हणणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. पण त्या दिवशी मी म्हणू शकले असते की ही मुलगी आहे तोवर कोणाला साडी नेसवायची गरज नाही. तन्मयने माझं मिशीचं ऐकलं होतं, हेही ऐकलं असतं. निदान माझ्या आडून तो दोन वाक्यं जास्त बोलला असता.

लॅपटॉप मिटला आणि कपड्यांच्या स्टँडमागून प्रणिता बाहेर आली. अंगावर सुनेची साडी, हातात रिकामा ट्रे. तिने सगळं ऐकलं होतं. स्किटमध्ये ती नेमकं हेच करायची, पण तेव्हा कोणाला त्यातली गंमत सुचली नाही.

मी शहाणपणा केला, "अगं, तू बोलायचंस की पुढे येऊन."

एरवी ती आमच्यासारखंच बोलायची. तेव्हा म्हणाली, "मी कायले बोलू काकू? माझं कोण ऐकून राहिलं इथं? ऐकतात तर तुमचं."

संध्याकाळी देवस्थळी माप द्यायला दुकानात आले. हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, त्या पोरीचं काढून मला देताहेत. बरं नाही दिसत."

"मग नाही म्हणा."

ते आरशात बघत राहिले. "इतकी वर्षं नाटकं केली. आज पहिल्यांदा मुंबईहून कोणी माझ्यासाठी फोन केला." मी टेप गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी ते बारा वाजताच गोदामात आले आणि प्रणितासमोर बसले. "मला शिकव," म्हणाले. आणि तिने शिकवलं. ट्रे कुठे धरायचा, श्वास कुठे थांबवायचा, कप वाजवायचे कसे. मी नंतर तिला विचारलं, कशाला शिकवलंस? ती म्हणाली, "काका विचारायला तरी आले."

मीही मग हट्टाने त्यांना साडी नीट नेसवली. लोकांना हसवण्यासाठी पुरुषाला नेसवतात तशी नाही. निऱ्या सारख्या, पदर चापून, चष्मा काढलेला, डोक्याला साधा अंबाडा. प्रणिताला दिली होती शेजारणीची भूमिका, एक वाक्य.

शूटिंग सुरू झालं. देवस्थळी ट्रे घेऊन दाराशी आले, थबकले. आतले लोक त्यांना माहेरी पाठवायचं बोलत होते. लिखाणात होतं की ट्रे हातातून पडतो. त्यांनी तो पाडला नाही. कप एकदाच वाजले. मग ते खाली वाकले, ट्रे जमिनीवर ठेवला, कपांचे कान एका बाजूला केले, शेजारी मांडी घालून बसले आणि त्यातला एक चहा स्वतः प्यायले. सगळा. तन्मय 'कट' म्हणायचं विसरला. शटरखाली एकेक जण हसायला लागला, मोठ्याने नव्हे, ओळखीचं कोणी दिसावं तसा.

बबनराव म्हणाले, "आमची थोरली वैनी अशीच चहा प्यायची. समद्यांचं झाल्यावर, गार झालेला."

प्रणिताने देवस्थळींना हात देऊन उठवलं. "जमलं काका," ती म्हणाली. तिने मनापासून म्हटलं होतं.

ते तुम्ही पाहिलेलं नाही, कारण ते दाखवलंच नाही. चित्रीकरण मुंबईला गेलं आणि तासाभरात मॅडम लॅपटॉपमध्ये हजर. "हे काय आहे? यात कॉमेडी कुठेय? पुन्हा करा. पदर पायात येऊन सर पडू देत. आणि छातीला पॅडिंग."

देवस्थळी म्हणाले, "मी पडणार नाही." साडी सोडून, घडी घालून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, चला, एक तरी माणूस नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते आले. माझ्याकडे न बघता तन्मयला विचारलं, "कितव्या वाक्याला पडायचं?"

कॅमेऱ्याला नीट दिसेपर्यंत ते चार वेळा पडले. शटरखाली हमाल खो खो हसले. बबनराव टोपी न ओढता उठले आणि ट्रककडे गेले. नंतर ते बसायला आले नाहीत.

पुढचे तीन आठवडे देवस्थळी जिन्यावरून, झोपाळ्यावरून, एसटीच्या पायरीवरून पडत होते. मंडईत भाजीवाले विचारायचे, "काय सूनबाई, आज उभ्या कशा?" पहिल्या आठवड्यात ते मला हे कौतुकाने सांगत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी भाजी आणायचं काम मुलाकडे दिलं. प्रणिता नवव्या भागापासून आली नाही. तन्मय म्हणाला, तिची परीक्षा आहे. तिची कुठलीही परीक्षा नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आकडे काही वाढले नाहीत. अकराव्या भागानंतर ग्रुपवर मेसेज आला, "गाइज, आपण एक छोटा ब्रेक घेतोय." तो ब्रेक अजून चालू आहे. कपडे टेम्पोने दुकानात आले ते मिरचीचा वास घेऊन. पहिला कोट एका शाळेने वक्तृत्वासाठी नेला आणि त्यांचा वक्ता लोकशाहीवर बोलताना सतत शिंकला. ते गाऱ्हाणंही माझ्याकडेच आलं.

तन्मय आता घरांच्या जाहिराती करतो आणि स्वतः कोट घालतो. देवस्थळी पुन्हा हौशी नाटकांत आहेत, गुडघ्याला पट्टा लावून. दुकानात येतात तेव्हा म्हणतात, "वहिनी, धोतर द्या, सुरवार द्या, साडी सोडून काहीही द्या." आम्ही दोघं हसतो. ते चहा पिण्याचं पहिलं चित्रीकरण कुठे आहे हे मी एकदा तन्मयला विचारलं. पुसलं गेलं म्हणाला.

गेल्या डिसेंबरात, संमेलनांच्या ऐन गर्दीत, एक बाई काउंटरशी चाळीस मुलांची यादी घेऊन उभी राहिली. प्रणिता. कोथरूडच्या एका शाळेत नाटक शिकवते. थोडी जाड झाली आहे, आवाज तोच. मी गर्दी तशीच ठेवून तिला आत घेतलं. मापं लिहून घेतली, फेट्यांचे रंग ठरवले, आणि मग इतके दिवस मनात होतं ते बोलून टाकलं.

"त्या दिवशी लॅपटॉपसमोर मी बोलायला हवं होतं गं."

"ते ठीक आहे काकू. तेव्हा कोणीच बोललं नाही. त्याचा मला एवढा राग नाही." ती यादीची घडी करत होती. "दुसऱ्या दिवशी तुम्ही काकांना साडी नेसवत होतात, तेव्हा पिनांची डबी माझ्या हातात दिलीत. 'धर गं जरा,' म्हणालात. शेवटची पिन लागेपर्यंत मी उभी होते."

मला त्या दिवसाच्या निऱ्या आठवतात. किती घातल्या तेही सांगेन. डबी आठवेना. हात मागे केला की पिन मिळत होती, एवढंच. कोण देतंय, मी वळून बघितलंच नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. जाऊ द्या, असू द्या, असलं काही म्हणाली नाही. बाहेरून गिऱ्हाइकांनी हाका मारायला सुरुवात केली होती, म्हणून आम्ही दोघी उठलो.

संमेलनाला फेटे बांधायला मी माणूस न पाठवता स्वतः गेले. ग्रीनरूममध्ये चाळीस मुलं, पावडर, रडारड. मी फेटे बांधत होते आणि ती पलीकडे मुलांना दागिने घालत होती. शाळेतल्या दोन-तीन मुली तिला दोरा, कात्री, टाचण्या देत होत्या. घाई तिलाही होती. पण हातात काही आलं की ती दर वेळी मान वळवून बघत होती, कोणी दिलं ते.